‘आधी कुणी सांगितलं असतं तर!’ – कॉलेजविषयीची प्रश्नोत्तरे

या वेळच्या पत्रांचे दोन गठ्ठे झाले. एक कॉलेजला निघालेल्यांचा, दुसरा तिथे एक-दोन वर्षं काढलेल्यांचा. पहिले विचारतात, काय तयारी करू? दुसरे विचारतात, तेव्हाच्या मला काय सांगायला हवं होतं? पहिल्या गठ्ठ्यात लॅपटॉप आहे, कपडे आहेत, चाचण्या आहेत. दुसऱ्या गठ्ठ्यात यातलं जवळजवळ काहीच नाही. म्हणून दोन्ही मिसळून उत्तरं देते आहे. निघालेल्यांनी परतलेल्यांचे प्रश्नही वाचावेत.

प्रश्न : कॉलेज सुरू होण्याआधी कोणता लॅपटॉप घेऊ?

आत्ता कोणताही घेऊ नकोस. काही विषयांची सॉफ्टवेअर ठरावीक ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालतात, तेव्हा विभागात चौकशी कर आणि मग घे. ‘विद्यार्थ्यांसाठी खास ऑफर, आज शेवटचा दिवस’ ही पाटी पुढच्या महिन्यातही तिथेच असते.

प्रश्न : पहिल्या दिवशी काय घालावं? सगळ्यांचं लक्ष असेल ना?

ज्यात चार तास आरामात बसता येईल ते. लक्ष कुणाचंही नसेल, कारण प्रत्येक जण स्वतःच्याच कपड्यांची काळजी करत असेल.

प्रश्न : मुलीच्या बोटांच्या ठशांवरून तिचा मेंदू कसा चालतो हे सांगणारी चाचणी एका केंद्रात करून घेतली. जाडजूड अहवाल मिळाला. त्यात ती ‘ऐकून शिकणारी’ आहे असं म्हटलंय. मग कॉलेजात तिने नोट्स काढाव्यात की लेक्चर रेकॉर्ड करावीत?

नोट्स काढाव्यात. अहवाल बाजूला ठेवा.

बोटांवरच्या रेषा जन्माआधीच तयार होतात आणि आयुष्यभर तशाच राहतात. माणूस ओळखायला त्या उत्तम. मुलगी कोणत्या शाखेत रमेल, कशी शिकेल, हे त्यांवरून कळतं याला शास्त्रीय आधार नाही. ‘बघून शिकणारे’ आणि ‘ऐकून शिकणारे’ ही विभागणीही तशीच, फक्त जरा प्रतिष्ठित. हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये यावरचं उपलब्ध संशोधन तपासलं. माणसांना आवडीनिवडी असतात हे खरं, पण त्या ‘शैली’नुसार शिकवलं की जास्त समजतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. तरीही केंद्रं चालतात, कारण घाबरलेल्या पालकांना जाड अहवाल हवा असतो.

लेक्चर रेकॉर्ड करायचं तर आधी शिक्षकांची परवानगी घ्यावी. आणि न ऐकलेल्या रेकॉर्डिंगचा ढीग म्हणजे अभ्यास नव्हे. शाखेबद्दल खरंच संभ्रम असेल, तर मुलीला प्रशिक्षित समुपदेशकाकडे न्या. तो तिच्याशी दोन-तीनदा निवांत बोलेल. पहिल्याच भेटीत पॅकेज पुढे केलं, तर उठून या.

प्रश्न : शाळेत परीक्षेआधी आठवडाभर वाचलं तरी मी पहिल्या पाचांत असायचो. कॉलेजच्या पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. मी ढ नाही. मग हे झालं कसं? कॉलेजला निघालेल्या मला किती तास अभ्यास कर म्हणून सांगायला हवं होतं?

तासांचा आकडा मी देणार नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दर वेळी त्यात तासच विचारलेले असतात. तुझं तासांमुळे अडलेलं नाही.

शाळेत तुझं वेळापत्रक दुसरं कुणीतरी सांभाळत होतं. रोज हजेरी, रोज गृहपाठ, दर थोड्या दिवसांनी चाचणी, आणि घसरलास तर घरी निरोप. ही सगळी व्यवस्था एका दिवसात काढून घेतली जाते आणि तसं कुणी जाहीरही करत नाही. कॉलेजात मागे पडल्याचा आवाज होत नाही. तिसऱ्या आठवड्यात तू मागे असतोस, सहाव्या आठवड्यात तर बराच मागे असतोस, आणि तरी सगळं ठीक वाटत असतं, कारण अजून कुणी काही विचारलेलंच नसतं.

आता ‘आठवडाभर वाचलं’ याबद्दल. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये विस्मरणाची मोजदाद छापली. त्यांनी निरर्थक अक्षरगट पाठ केले होते. तासाभरात निम्म्याहून जास्त पाठांतर वाया गेलं, आणि दिवसभरानंतर जेमतेम एक तृतीयांश उरलं. अर्थ असलेला मजकूर इतक्या वेगाने विसरत नाही, पण उतार तसाच, सुरुवातीला सगळ्यात तीव्र. शाळेत पाठ्यक्रम लहान होता, म्हणून एका आठवड्यात तो पुन्हा चढून जाता यायचा.

दुसरी गोष्ट, तुझं वाचन. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो बंद करून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. आणि पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या आठवणीची खात्री जास्त होती! ओळखीचं वाटणं आणि येणं यात एवढा फरक आहे. 2013 मध्ये जॉन डन्लॉस्की यांच्या गटाने अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. रंगीत पेनाने ओळी रंगवणं खालच्या रांगेत गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं, या दोन पद्धती वरच्या. रंगीत पेनांचा खप काही त्याने कमी झाला नाही.

तिसरी गोष्ट, ‘शेवटी बघू’. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांचा 1994 चा अभ्यास आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर 34 दिवस. सगळंच बिघडलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. म्हणजे मुद्दाम निराश होऊन केलेला अंदाजसुद्धा आशावादीच निघाला. तेव्हा तुझ्या डोक्यातला अंदाज कितीही पक्का वाटला, तरी त्यात भर घाल.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल, असं एक दुखणं राहतं. विचारायला उशीर. माझ्याकडे मुलं येतात ती परीक्षेच्या पंधरा दिवस आधी. तोवर शिक्षक थकलेले असतात, भेटीच्या वेळा भरलेल्या असतात, विषय सोडण्याची किंवा बदलण्याची मुदत उलटलेली असते. ‘आधी का नाही आलास?’ यावर उत्तर ठरलेलं, ‘वाटलं होतं, जमेल.’ हुशार मुलं सगळ्यात उशिरा येतात, कारण शाळेत त्यांना कधी विचारावंच लागलेलं नसतं. मदत मागणं म्हणजे ढ असल्याची कबुली, हे त्यांच्या मनात कुणी भरवलं कोण जाणे. शिक्षकांनी भेटीच्या वेळा दारावर लावलेल्या असतात, आणि सत्राच्या सुरुवातीला त्या वेळांत ते बहुधा एकटेच बसलेले असतात. तिसऱ्या आठवड्यात जा. ‘काहीच कळत नाही’ म्हणून जाऊ नकोस, त्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. वही उघडून म्हण, ‘इथपर्यंत कळलं, या ओळीपासून सुटलं.’ काम दहा मिनिटांचं असतं. तेच दहाव्या आठवड्यात दहा मिनिटांत होत नाही.

तुझ्यापुरतं सांगायचं तर या आठवड्यात दोन्ही विषयांच्या शिक्षकांना भेट आणि उत्तरपत्रिकेत नेमकं कुठे गेलं ते बघ. मग विद्यार्थी सल्लागाराकडून पुन्हा परीक्षेचे नियम आणि मुदती लेखी घे. मित्राकडून ऐकलेले नियम चालणार नाहीत. ‘गेल्या वर्षी अमक्याला चाललं होतं’ या वाक्याने बुडालेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न : हॉस्टेलमधले सीनियर म्हणतात की कॉलेजात चार तास झोप पुरते, सवय होते. परीक्षेच्या काळात जागं राहायची गोळीही ते देतात. घेऊ का?

नाही.

सवय होते ती थकव्याची. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास आणि त्यापुढच्यांना किमान 7 तास झोप हवी, अशी निद्रातज्ज्ञांची शिफारस आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 17 ते 19 तास सलग जागलेल्यांची काही चाचण्यांमधली कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असताना दिसते तेवढी, किंवा त्याहूनही वाईट आढळली. त्या अवस्थेत पेपर लिहायचा का, हे तूच ठरव. शिवाय दिवसा शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. रात्र जागून वाचणारा वाचलेलंच कच्चं ठेवतो. साधी कॉफीही बेताने घे. निरोगी प्रौढाच्या शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात.

गोळीचं वेगळं सांगते. दुसऱ्याला डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तुझ्यासाठी औषध नव्हे. हृदयाचे ठोके, रक्तदाब, झोप, मनःस्थिती, सगळ्यावर परिणाम होऊ शकतो, आणि सवय लागण्याचा धोका वेगळाच. एकदा जरी घेतली असशील आणि छातीत धडधड किंवा घबराट जाणवत असेल, तर हे उत्तर वाचत बसू नकोस, आजच डॉक्टरांकडे जा आणि काय घेतलं ते खरं सांग. एरवीही लक्ष लागत नाही अशी जुनी तक्रार असेल, तर ती तपासून घे. त्यावर रीतसर उपचार आहेत.

प्रश्न : मी फार बुजरी आहे. कॉलेजला जाण्याआधी व्यक्तिमत्त्व विकासाचा दहा दिवसांचा कोर्स लावू का?

दहा दिवसांत व्यक्तिमत्त्व बदलत नाही, पाकीट हलकं होतं. त्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेव. 2018 मध्ये मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर आपण त्याला जेवढे आवडलो असं आपल्याला वाटतं, त्याहून प्रत्यक्षात जास्त आवडलेलो असतो. नव्याने एकत्र राहायला आलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकलेला दिसला. म्हणजे तुझ्या शेजारी बसलेलीही घरी जाऊन ‘मी काय वेड्यासारखं बोलले’ म्हणतच असते. रोज त्याच जागी बस, एकाच मंडळात नाव घाल, तेवढं पुरे. बुजरेपणामुळे वर्गात जाणंच टळत असेल, पोटात गोळा येत असेल, तर मात्र समुपदेशकाला भेट. तो नुसता स्वभाव नसू शकतो.

प्रश्न : मुलगा हॉस्टेलवर गेल्याला बारा दिवस झाले. रोज रात्री फोनवर रडतो. परत घेऊन येऊ का?

बारा दिवसांवरून निर्णय घेऊ नका. घरची आठवण येणं हा आजार नाही. बहुतेकांची ती पहिल्या काही आठवड्यांत ओसरते. फोनची वेळ ठरवून घ्या. रात्री माणूस थकलेला असतो आणि सगळं दुप्पट वाईट दिसतं, त्यामुळे संध्याकाळी बोला. ‘रडू नकोस’ म्हणण्याऐवजी आज कुणाशी बोललास ते विचारा. आणि रडल्यावर लगेच तिकीट काढू नका.

पण हेही तितकंच ऐका. खाणं-झोप बिघडली आहे, वर्ग बुडतायत, कशातच रस नाही, आणि हे जवळजवळ रोज दोन आठवडे चाललंय, तर तज्ज्ञांकडून तपासून घ्यायलाच हवं. जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला, तर दोन आठवडे मोजू नका. त्याच दिवशी वॉर्डन, समुपदेशक, डॉक्टर, जो हाती लागेल त्याला गाठा, त्याला एकटं ठेवू नका आणि तुम्ही स्वतः निघा. ‘लक्ष वेधून घेतोय’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांना फोन करू नका.

प्रश्न : विद्यार्थ्यांसाठीचं क्रेडिट कार्ड घ्यावं का? ‘किमान रक्कम भरली की झालं’ असं कळलं.

कुणी कळवलं? विकणाऱ्यानेच असणार. महिन्याला 3 टक्के व्याज म्हणजे काही न भरता सोडलेली उधारी दोन वर्षांत दुपटीच्या पुढे जाते, दंड वेगळा. किमान रक्कम भरल्याने दंड टळतो, कर्ज जेमतेम हलतं. पुरी रक्कम दर महिन्याला भरता येणार नसेल तर नको. शिक्षणासाठीच पैसे कमी पडत असतील, तर आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन बस. तिथल्या मुदतीही सत्राच्या सुरुवातीलाच संपतात.

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे. नव्या मुलांच्या स्वागताला ‘कॉलेजला निघालेल्या मला’ या विषयावर दहा मिनिटं बोलायचंय. काय बोलू?

‘प्रत्येक क्षण जगा’ हे नको. ते सगळेच सांगतात आणि त्यावर उद्या सकाळी काहीही करता येत नाही.

दुसरं, सावध राहा. गोष्ट घडून गेल्यावर ती आपल्याला आधीपासून दिसत होती असं वाटायला लागतं. बारुख फिशहॉफ यांनी 1975 मध्येच हे प्रयोगाने दाखवलं. त्यामुळे ‘मला तेव्हाच कळायला हवं होतं’ म्हणत स्वतःला झोडपू नकोस. तेव्हा जे दिसत नव्हतं, ते समोर बसलेल्यांनाही दिसणार नाही. म्हणून उपदेशापेक्षा पत्ते दे. समुपदेशकाची खोली कोणत्या मजल्यावर आहे, विषय बदलायची शेवटची तारीख कोणती, कोणते शिक्षक कधी भेटतात, ग्रंथालयात पुस्तक कसं राखून ठेवायचं. तू पहिल्यांदा कुणाकडे मदत मागितलीस आणि ते काय म्हणाले, हे नाव न घेता सांगितलंस तर सगळ्यात उपयोगी, कारण पुष्कळांना त्या दाराआड काय होतं याचीच भीती असते.

तारखा आणि नियम तुझ्या पहिल्या वर्षानंतर बदललेले असू शकतात. भाषणाआधी मसुदा विभागाच्या कार्यालयात दाखवून घे. आदल्या दिवशी नको, या आठवड्यातच.