बाराही अर्ज संस्थाचालकांचेच कसे आले?

तुमची अडचण अशी: इंदूरच्या मंडळातर्फे, संवादातून वंचित वस्त्यांना बळ देणाऱ्या माणसाला दरवर्षी 51 हजारांचा पुरस्कार द्यायचाय, अर्ज मागवले, बारा आले, आणि बाराही संस्थाचालकांचे.

दोष फॉर्मचा आहे. टाइप केलेली चार पानं, ऑडिट आणि कात्रणं मागितली की ज्यांच्याकडे कारकून आहे तेच अर्ज करतात. त्याऐवजी एक मोबाइल नंबर जाहीर करा: दोन मिनिटांचा आवाजी निरोप, मालवी, निमाडी, भिली, जी येईल त्या बोलीत. छत्तीसगडात सीजीनेट स्वरा हे फोनवरचं बातमी-व्यासपीठ 2010 पासून गोंडी बोलणाऱ्यांच्या बातम्या फोनवरच घेत आलंय, तेव्हा हे अशक्य नाही. स्वतःचं नाव सुचवायला मनाई ठेवा. सुचवणारे तिघं हवेत, त्यातले दोघं त्याच वस्तीतले, आणि उमेदवाराच्या संस्थेचा पगार घेणारा त्यात एकही नको.

आता निवड. ‘वंचितांचा आवाज’ हे शब्द जाहिरातीतून काढाच. आवाज त्यांना आहे, माइक नाही. उमेदवाराच्या शेवटच्या दहा गोष्टी मागवा: कार्यक्रम, व्हिडिओ, भित्तिपत्रक, काहीही. प्रत्येकीसमोर दोन रकाने आखा: विषय कोणी ठरवला, बोललं कोण. दहातल्या सात ठिकाणी डॉक्टर किंवा अधिकारी सल्ला देत असेल तर तो प्रचार झाला. उपयोगी असेल, पण त्याला हा पुरस्कार नको. तेलंगणात माचनूरचा संघम रेडिओ 2008 पासून गावच्या दलित बायका चालवतात. चित्रकूटला 2002 मध्ये सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’ या वृत्तपत्राच्या बातमीदारही ग्रामीण बायकाच. हे दोन नमुने परीक्षकांना आधी वाचायला द्या, म्हणजे मोजपट्टी कळेल.

पत्रकारांपुरतंच बघू नका. आपल्या इंदूरचे ज्ञानेंद्र आणि मोनिका पुरोहित सांकेतिक भाषेचे दुभाषी आहेत. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोचलेली आणि 2015 मध्ये परतलेली मूकबधिर गीता इथे राहिली, आणि तिनं त्यांना खुणांनी सांगितलेल्या आठवणींवरून 2021 मध्ये तिच्या घरच्यांचा माग परभणीपर्यंत लागला. हाही संवादच. पोलीस ठाण्यात किंवा दवाखान्यात दुसऱ्याचं म्हणणं नीट पोचवणारा माणूस कात्रणांत सापडत नाही.

पडताळणीत सगळ्यात जास्त चुका होतात. उमेदवाराला बरोबर घेऊन वस्तीत गेलात तर फक्त कौतुक ऐकायला मिळेल. दोन फेऱ्या करा, दुसरी न कळवता. सोबत बोली जाणणारी बाई असू द्या, नाहीतर बायका गप्प बसतात. “ह्यांचं काम कसं वाटतं?” असं विचारू नका. “गेल्या महिन्यात काय ऐकलंत? त्यातलं चुकीचं काय होतं? चूक सांगितल्यावर काय झालं?” असं विचारा. चूक दुरुस्त केल्याचं एक उदाहरण दहा शिफारशींपेक्षा मोलाचं. झाबुआ-अलीराजपूरला जाणार असाल तर दिवाळीच्या आसपास जा. नंतर माणसं मजुरीला गुजरातकडे निघतात आणि घरी म्हातारे उरतात.

समारंभ गणेशोत्सवात नको, सोयाबीनची काढणी तोंडावर असते. माझ्या मते 31 जानेवारी ठेवा: 1920 मध्ये याच तारखेला बाबासाहेब आंबेडकरांचं ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघालं, आणि त्यांचं जन्मगाव महू इथून तासाभरावर आहे. अर्ज ऑगस्टमध्ये, छाननी सप्टेंबरात, फेऱ्या दिवाळीला, म्हणजे तारीख जुळते.

रकमेबद्दल: काम पाच जणींचं असेल आणि चेक एकीच्या नावानं निघाला तर गट फुटतो. सगळ्यांची नावं मानपत्रावर छापा, पैसे गटाच्या खात्यावर द्या. येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी बक्षिसातून कापू नका, वेगळी द्या. (शाल-श्रीफळ हवंच असेल तर द्या, पण त्या खर्चात एक बरा रेकॉर्डर येतो.)

मानपत्रात अत्याचाराची घटना असेल तर पीडितेचं नाव, गाव, फोटो काहीच नको. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याचं कलम 23 लागू होतं आणि फ्लेक्सवरचा फोटोही त्यात येतो. बाकीच्यांचे फोटो छापण्याआधी त्यांना दाखवून होकार घ्या.

मूकबधिर पाहुणे असतील तर दुभाषी दोन लागतील, कारण वीसेक मिनिटांत एकाचे हात आणि डोकं दोन्ही थकतात. त्यांना वक्त्याच्या शेजारी, उजेडात उभं करा, आणि भाषणं आदल्या दिवशी त्यांच्या हाती द्या.