‘उद्या देते’ म्हणण्याआधी

‘ताई, शिवणकामाचा व्यवसाय एकटीने करते. मापं, कापणी, शिलाई, फोन, हिशेब, सगळं माझ्याच अंगावर. रात्री एकपर्यंत मशीनवर असते, तरी रोज कुणाची तरी तारीख चुकते. मुलगी म्हणते, आई, तू दिवसभर सॉरीच म्हणत असतेस. मला वेळेची शिस्तच नाही का?’

मुलीचं वाक्य मनाला लागलं. पण रात्री एकपर्यंत मशीनवर बसणाऱ्या बाईला शिस्त नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही. घोळ तारीख देताना होतोय. गिऱ्हाईक ‘कधी देताय?’ विचारतं आणि तुम्ही उभ्या उभ्या दिवस सांगून मोकळ्या होता. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त शिलाई असते. कापणी, काज-बटण, इस्त्री, ट्रायल आणि ट्रायलनंतरची उसवाउसव त्या हिशेबात येतच नाही.

हे तुमचं एकटीचं नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीबद्दल लिहिलं होतं. मागची कामं लांबली हे ठाऊक असूनही माणूस पुढच्या कामाला कमीच वेळ धरतो. म्हणून अंदाज बांधताना मागच्या तशाच कामांना खरोखर किती वेळ लागला, तेच बघायचं.

त्यासाठी पंधरा दिवस एक वही मशीनशेजारी ठेवा. प्रत्येक कपड्यापुढे हात लावल्याची आणि हातावेगळा केल्याची वेळ लिहा, फोनसाठी उठलात तेही लिहा. मग तारीख वहीतूनच द्यायची. कुणी फोनवर विचारलं तर ‘वही बघून संध्याकाळी सांगते’ एवढंच म्हणा. सुरुवातीला जड जाईल, कारण समोरच्याला नाराज करायला तुम्ही घाबरता. पण ‘आठ दिवसांनी’ ऐकलेलं माणूस सहन करतं, ‘उद्या’ ऐकून चार खेपा घातलेलं नाही.

कापणी एका बैठकीत उरका आणि एका रंगाच्या दोऱ्याचे कपडे सलग शिवा. आठवड्यातला अर्धा दिवस मात्र मोकळाच ठेवा, अल्टरची कामं तो खाणारच आहेत. आणि रात्री दहानंतर मशीन बंद. पेंगत मारलेली शिलाई सकाळी उसवावी लागते, हे तुम्हाला मी काय सांगू?

आज मात्र आधी एक करा. ज्यांचे कपडे या आठवड्यात होणार नाहीत, त्यांचा फोन येण्याआधी तुम्हीच त्यांना फोन करून खरी तारीख सांगा.