गरम झऱ्याच्या पाण्यात धुतली जाणारी नोझावाना

प्रश्न : जपानमधील नोझावा ओन्सेन या गावी लोक ज्या गरम पाण्याच्या हौदात आंघोळ करतात, त्याच हौदात लोणच्याची पालेभाजी धुतात, असे माझी बहीण तिथून आल्यावर सांगत होती. हे खरे आहे का? आणि असे लोणचे आपल्याकडे घालता येईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बहिणीने सांगितले ते खरे आहे, मात्र ऐकून जी किळस वाटते, तिला तसे कारण नाही. नागानो प्रांतातील या डोंगराळ गावात तेरा सार्वजनिक स्नानगृहे असून त्यांची देखभाल त्या त्या वस्तीतील कुटुंबेच करतात. नोव्हेंबरमध्ये नोझावाना ही पालेभाजी निघाली की ठरावीक वेळी आंघोळ बंद ठेवून हौद भाजी धुण्यासाठी मोकळे केले जातात, आणि झऱ्याचे पाणी सतत वाहते असल्यामुळे ते साचून राहत नाही. बाहेर बर्फ पडायच्या बेतात असताना घरटी ढीगभर पाला गार पाण्यात धुणे हाताला सोसणारे नाही. शिवाय कोमट पाण्याने देठ मऊ पडतात, असे गावकरी सांगतात. गुडघाभर पाण्यात उतरलेल्या शेजारणी जुड्या खळबळतात, मुळाशी अडकलेली माती बोटांनी काढतात आणि एकमेकींची विचारपूस करतात. मला विचाराल तर, लोणच्याइतकेच हे एकत्र धुणेही त्या गावाने जपण्यासारखे आहे.

नोझावाना ही सलगमच्याच जातीची भाजी असली, तरी तिथे मान आहे तो कंदाला नव्हे, तर दोन-तीन फूट वाढणाऱ्या पानांना आणि देठांना. केन्मेइजी या बौद्ध मठाच्या प्रमुखांनी १७५६ च्या सुमारास ओसाकाकडील तेन्नोजी सलगमचे बी आणले आणि इथल्या थंडीत कंद न भरता पालाच माजला, अशी आख्यायिका आहे. अभ्यासकांना ही वंशावळ पटलेली नाही. तरीही मठाचे बियाणे आजही मानाचे समजले जाते. गावकरी तिला साधे ‘ना’, म्हणजे भाजी, म्हणत; नोझावाना हे नाव रूढ झाले ते स्कीइंगसाठी येणाऱ्या शहरी पाहुण्यांमुळे, असे सांगतात.

हिमकण पडून गेल्यावर पाला गोडसर व कोवळा लागतो. तो मिठात दाबून ठेवला की सुरुवातीला हिरवागार व करकरीत असतो, आणि हिवाळा सरताना पिवळसर तपकिरी व आंबट होतो. आलेल्याला चहाबरोबर हेच लोणचे वाढण्याची तिथे रीत आहे. फार आंबलेला पाला पाण्यात खारटपणा उतरवून तेलावर परततात आणि ओयाकी नावाच्या भाजलेल्या पिठाच्या गोळ्यात सारण म्हणून भरतात. नागानो प्रांताने १९८३ मध्ये या लोणच्याची नोंद सांस्कृतिक ठेवा म्हणून केली.

आपल्याकडे सलगमचा देठांसकट पाला घेऊन, त्याच्या वजनाच्या तीन-चार टक्के मीठ लावून, वर वजन ठेवून पाहावे. उबेत तो दोन-तीन दिवसांतच आंबू लागेल; म्हणून पाणी सुटताच बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि हिरवा असतानाच संपवावा.