फ्लास्क रिकामा दिसला म्हणून

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव नीट वाचला. मलेरियाच्या परजीवीतलं एक जनुक क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापून बदलण्याच्या तंत्राने, काढून टाकायचं आणि मग काय होतं ते बघायचं, असं तू लिहिलं आहेस. विषयाची निवड मला मनापासून आवडली. ‘काय होतं ते बघायचं’ हे मात्र खटकलं. बरेचदा होतं असं, की फ्लास्कमध्ये परजीवी परत येतच नाही. मग घाईघाईने वहीत नोंद होते: जनुक जगण्यासाठी अत्यावश्यक. ही नोंद करण्याचा अधिकार केव्हा मिळतो, एवढ्याचसाठी हे पत्र.

माणसाच्या पेशीत कॅस-9 ने, म्हणजे क्रिस्परमधल्या कात्रीसारख्या प्रथिनाने, डीएनए कापला, तर पेशी ती दोन टोकं कशीबशी जोडून टाकते. त्या ओबडधोबड जोडणीतच जनुक निकामी होतं. तुझ्या मलेरियाच्या परजीवीकडे, प्लास्मोडियम फाल्सिपेरमकडे, टोकाला टोक जोडणारी ही नेहमीची यंत्रणाच नाही. त्याला दुरुस्तीसाठी बघून उतरवायला नमुना लागतो, म्हणजे तू दिलेला टेम्प्लेट. तो मिळाला नाही किंवा जुळला नाही, तर परजीवी मरतो. शिवाय या परजीवीच्या जीनोममध्ये डीएनएच्या अक्षरांपैकी सुमारे 80 टक्के ए आणि टी आहेत, आणि नेहमीच्या कॅस-9 ला कापण्यासाठी लागोपाठ दोन जी हवे असतात. त्यामुळे हव्या त्या जागी चांगला गाइड, म्हणजे कॅस-9 ला कापायची जागा दाखवणारा आरएनए, सापडेलच असं नाही. ए-टीने भरलेला टेम्प्लेट प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्यात, घालून बॅक्टेरियात वाढवताना त्यातला तुकडा गळून पडतो, हेही नेहमीचंच. म्हणजे जनुक मुळीच महत्त्वाचं नसलं तरी फ्लास्क रिकामा राहायला पुरेशी कारणं आहेत.

इलेक्ट्रोपोरेशननंतर, म्हणजे विजेच्या झटक्याने प्लास्मिड आत घातल्यावर, ते न घेतलेले परजीवी मारणारं निवडीचं औषध सुरू केलंस की काही दिवसांत गिम्सा रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर तांबड्या पेशींत काळपट, आवळलेले ठिपके दिसतील. ते मेलेले परजीवी. नंतर तेही दिसेनासे होतील. तरीही माध्यम बदलत राहायचं, मधूनमधून ताज्या तांबड्या पेशी घालायच्या आणि स्लाइड बघत राहायची. परजीवी परतायला कित्येक आठवडे लागू शकतात. रंगाचा साचलेला कण आणि खरी रिंग, म्हणजे परजीवीची कोवळी, अंगठीसारखी अवस्था, यांतला फरक डोळ्यात बसायला वेळ लागतो. निळसर पेशीद्रव्याचं कडं आणि त्यावर जांभळट-लाल केंद्रक, दोन्ही एकाच फोकसमध्ये दिसलं तरच रिंग म्हण. कंटाळून फ्लास्क लवकर टाकून दिला, तर जे परत येणार होतं तेही हातचं जाईल.

म्हणून नॉकआउटच्या, म्हणजे जनुक काढून टाकलेल्या फ्लास्कच्या, शेजारी त्याच दिवशी दुसरा फ्लास्क लाव. गाइड तोच, जागा तीच, पण टेम्प्लेट असा की अक्षरं बदलली तरी प्रथिन जसंच्या तसं राहील. गाइड जिथे बसतो तिथली अक्षरं बदललीस की कॅस-9 ती जागा पुन्हा कापू शकणार नाही. हा फ्लास्क भरला आणि नॉकआउटचा पुन्हापुन्हा रिकामाच राहिला, तर बोलायला आधार आहे. त्याहून भक्कम मार्ग म्हणजे जनुक आधी शाबूत ठेवून मग हवं तेव्हा बंद करणं. डायक्रे पद्धतीत रॅपामायसिन घातलं की जनुक कापून निघतं, आणि परजीवी चक्राच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर अडला ते तुला डोळ्यांनी बघता येतं. जनुक अत्यावश्यक असेल अशी शंका असल्यास सुरुवातच इथून कर, असं माझं ठाम मत आहे.

परजीवी बदलला की नियमही बदलतात. टोक्सोप्लाझ्मा हा मलेरियाच्या परजीवीचा नातेवाईक टोकं सहज जोडतो, त्यामुळे 2016 मध्ये त्याच्या आठ हजारांहून अधिक जनुकांची एकत्र छाननी करता आली. काळा आजार करणाऱ्या लीशमॅनियाची खोड वेगळी. गरजेचं जनुक काढायला गेलं की तो गुणसूत्राची जादा प्रत बाळगून बसतो. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघण्याच्या चाचणीत, तुझा बदल दिसतो आणि मूळ जनुकही दिसतं.

परत आलेला परजीवीही फसवू शकतो. बराच काळ कल्चरमध्ये वाढलेले फाल्सिपेरमचे काही वाण गुणसूत्र 9 च्या टोकाचा तुकडा गमावतात आणि मग गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जाणारी लैंगिक अवस्था, बनवत नाहीत. तुझ्या क्लोनमध्ये, म्हणजे एकाच परजीवीपासून वाढवलेल्या कल्चरमध्ये, गॅमेटोसाइट दिसले नाहीत, तर ते तुझ्या संपादनामुळे की या गळतीमुळे? स्वतंत्र ट्रान्सफेक्शनमधून, म्हणजे प्लास्मिड आत घालण्याच्या वेगवेगळ्या प्रयोगांतून, आलेले क्लोन ताडून बघ, आणि काढलेलं जनुक परत घातल्यावर दोष जातो का तेही तपास.

याचा उत्तम नमुना के13 या जनुकाचा आहे. आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाला दाद न देणाऱ्या परजीवींत या जनुकातले बदल आढळतात, हे 2014 मध्ये पुढे आलं. पण सोबत आढळणं म्हणजे कारण असणं नव्हे. पुढच्याच वर्षी संशोधकांनी संवेदनशील परजीवींत तो बदल घातला, तर प्रतिकार आला. प्रतिकार करणाऱ्या परजीवींतून तो काढला, तर प्रतिकार गेला. त्या कामात क्रिस्पर नव्हतंच, झिंक फिंगर न्यूक्लिएज ही डीएनए कापणारी दुसरी प्रथिनं वापरली होती. मला त्यात सर्वात मोलाचं वाटतं ते दोन्ही दिशांनी केलेलं संपादन. त्याच कामात आणखी एक गोष्ट दिसली: एकच बदल वेगवेगळ्या वाणांत कमीजास्त प्रतिकार देतो. तेव्हा तुझा निष्कर्ष एकाच वाणावर उभा करू नकोस.

एक गोष्ट मात्र अजिबात सोडू नकोस. निवडीसाठी असं प्रतिकार-जनुक घेऊ नकोस, ज्याने त्याच रोगावर रुग्णांना दिलं जाणारं औषध निकामी होईल. जैवसुरक्षा समितीकडे अर्ज करताना हे स्पष्ट लिही.

आता गाइडची जागा, टेम्प्लेटचा पूर्ण क्रम आणि शेजारच्या फ्लास्कचा आराखडा मला पाठव. प्लास्मिड मागवण्याआधी आपण ते एकत्र बसून बघू. आणि नॉकआउटऐवजी डायक्रेने सुरुवात करायला काही अडचण असेल, तर तीही कळव.