कोणता मासा ठेवावा, कोणता सोडावा

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

गळाने मासे धरायला रॉड कोणता घ्यावा आणि खाडीत जिताडा हा मासा नेमका कुठे लागतो, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. दुसऱ्याचे उत्तर कोणताही जाणता गरवणारा पत्राने कळवत नाही, आणि मीही कळवणार नाही. पहिल्याचे उत्तर मात्र लांबवावे लागेल, कारण लागलेला मासा जिवंत सोडता येईल की नाही, हे बरेचसे रॉड, दोर आणि गळ यांवरच ठरते.

ट्रॉलरच्या जाळ्यातली मासळी फळीवर ओतली जाते तेव्हा तिच्यातली बहुतेक पिल्ले मेलेली किंवा मरणपंथाला लागलेली असतात, त्यामुळे तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, मनात असले तरी ती सोडून फारसा उपयोग होत नाही. तुझ्या गळाला एका वेळी एकच मासा लागतो आणि तो जिवंत हाती येतो, तेव्हा त्याचे काय करायचे हे सर्वस्वी तुझ्यावर असते.

महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे. सुरमईसाठी ती 370 मिलिमीटर आहे. ही मर्यादा पाळच, पण तेवढ्यावर समाधान मानू नकोस. सुरमई पहिल्यांदा अंडी धरते ती साधारण 70 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे कायद्याने चालणारी सुरमईसुद्धा बहुधा अजून एकदाही व्यालेली नसते.

जिताड्याची गोष्ट याहून निराळी आहे. तो आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, मादी होतो. त्यामुळे ज्या भल्यामोठ्या जिताड्यासोबत फोटो काढण्याची प्रत्येकाची इच्छा असते, ती जवळजवळ नेहमीच लाखो अंडी देऊ शकणारी मादी असते, आणि खाडीची पुढची पैदास तिच्यावर अवलंबून असते. घरी खायला मधल्या आकाराचा एखादा ठेवावा; लहान आणि फार मोठा, दोन्ही सोडावेत. गोबरा या माशाचा क्रम नेमका उलटा, आधी मादी आणि मग नर, म्हणून एखाद्या खडकावरचे मोठे गोबरे वेचून काढले की तिथे नरच उरत नाहीत. शिवाय खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढलेल्या गोबऱ्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावरही त्याला खाली जाता येत नाही. सोडण्याच्या भरवशावर त्याला खोलातून काढणे हे मला ढोंग वाटते.

आता रॉडविषयी. हलक्या रॉडवर आणि बारीक दोरावर मासा बराच वेळ खेळवण्यात शौर्य आहे असे किनाऱ्यावर पुष्कळजण सांगतील, परंतु तो मासा इतका थकतो की पोहून गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो. म्हणून जरा दमदार रॉड आणि मजबूत दोर घे, म्हणजे तो लवकर हाती येईल. आमिषासाठी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, वापर, कारण तो सहसा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, घशात जात नाही. मात्र मासा लागला की झटका न देता दोर नुसता ताणत न्यावा. लुअरच्या, म्हणजे कृत्रिम आमिषाच्या, तीनतोंडी गळांऐवजी एकेरी गळ लाव आणि त्यांचा उलटा काटा पकडीने दाबून टाक. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले कर, कारण अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून वाचवतो. जबड्याला धरून उभा टांगू नकोस, पोटाखाली आधार दे, आणि गळ खोल गेला असेल तर उपसण्याच्या फंदात न पडता दोर तोंडाशी कापून टाक. असा गळ कालांतराने गंजून पडावा म्हणून स्टेनलेसचे गळ टाळलेले बरे. तुटलेला दोर मात्र खडकावर सोडू नकोस. तो कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतो.

मालवणला जाणार असशील तर आधी चौकशी कर. तिथले सागरी अभयारण्य 1987 सालचे असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या सभोवतालचा भाग त्याच्या गाभाक्षेत्रात येतो. तिथे गळ तर टाकू नयेच, पण प्रवाळावर होडीचा नांगरही पडू देऊ नये.

राहिला प्रश्न पावसाळ्याचा. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, किनाऱ्यावरून टाकलेल्या तुझ्या गळाला ती अडवत नाही. तरीही याच सुमारास जिताडे अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतात, आणि त्या वेळी तिथे त्यांच्यासाठी बसू नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. हौस आवरतच नसेल तर भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या, दिवशी खाडीत आतल्या बाजूला शेंगाळ्यांसाठी बस. शेंगाळा गळावरून काढताना त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांजवळच्या काट्यांना जप, कारण ते विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेव आणि डॉक्टरांकडे जा.