कोअ‍ॅक्स केबलवरचं मोका नेटवर्क (टीव्हीच्या केबलमधून घरभर इंटरनेट नेणारी पद्धत) सारखं तुटतंय, वरच्या खोलीतल्या अ‍ॅडॅप्टरचा कोअ‍ॅक्सचा दिवा लागतच नाही. काय तपासू?

आधी दोन्ही अ‍ॅडॅप्टर एकाच खोलीत आणा आणि छोट्या कोअ‍ॅक्स वायरने थेट एकमेकांना जोडा. दिवा लागला तर अ‍ॅडॅप्टर ठीक आहेत, दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. ही चाचणी न करता नवीन अ‍ॅडॅप्टर विकत घेऊ नका.

आता स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या अनेक वाटण्या करणारी छोटी डबी, शोधा. माझा पहिला संशय नेहमी त्याच्यावरच असतो. जुन्या स्प्लिटरवर ५ ते १००० मेगाहर्ट्‌झ असं छापलेलं असतं, आणि मोका २.५ साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्‌झमध्ये चालतं. म्हणजे तुमचा सिग्नल त्याच्या मर्यादेबाहेरचा. कधी कसाबसा पोचतो, कधी नाही. १६७५ पर्यंत चालणारा स्प्लिटर लावा, तोही गरजेपुरत्याच तोंडांचा, कारण प्रत्येक वाटणीत सिग्नल कमी होतो. रिकाम्या तोंडांवर ७५ ओहमचे टर्मिनेटर (तोंड बंद करणारी टोपणं) बसवा. छताजवळ किंवा कपाटामागे विसरलेला दुसरा स्प्लिटर किंवा टीव्हीचा अ‍ॅम्प्लिफायर आहे का, तेही नीट बघा. साधा अ‍ॅम्प्लिफायर मोका अडवतो.

बाहेरची केबल घरात शिरते तिथे, पहिल्या स्प्लिटरच्या आधी, पीओई (पॉइंट ऑफ एन्ट्री) फिल्टर हवा. हा फिल्टर मोकाचा सिग्नल शेजाऱ्यांकडे जाऊ देत नाही, उलट घरात परतवतो. पण सॅटेलाइट डिशची तीच केबल वापरत असाल तर तिच्यावर मोका चालणार नाही, दोघांची फ्रिक्वेन्सी एकमेकांवर येते.

कनेक्टर हाताने घट्ट पिळून बघायला विसरू नका.