तळघर नसलेले हॉटेल

प्रश्न : अमेरिकेत ‘क्यूॲनॉन’सारख्या कटाच्या कल्पनांवर सुशिक्षित माणसेही विश्वास ठेवतात आणि पुरावा दाखवला तरी बधत नाहीत, असे का होते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘क्यूॲनॉन’ म्हणजे सत्तेतील बडी मंडळी मुलांचे शोषण करणारी गुप्त टोळी चालवतात, असे मानणारा पंथ. त्याची मुळे एका आधीच्या आवईत आहेत. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांचे ईमेल विकिलीक्सने उघड केले. त्यांतील ‘पिझ्झा’, ‘चीज’ अशा साध्या शब्दांना सांकेतिक अर्थ चिकटवून, वॉशिंग्टनमधील ‘कॉमेट पिंग पाँग’ या पिझ्झा हॉटेलच्या तळघरात मुले डांबली आहेत, अशी आवई इंटरनेटवर उठवण्यात आली. ४ डिसेंबर रोजी एक माणूस त्या मुलांना सोडवण्यासाठी रायफल घेऊन तेथे शिरला आणि त्याने गोळ्याही झाडल्या. प्रत्यक्षात हॉटेलला तळघरच नव्हते. एवढ्याने ती आवई मिटायला हवी होती, पण अनेकांनी ही घटनाच बनाव ठरवली.

याच धाग्यावर ऑक्टोबर २०१७ पासून ‘क्यू’ या निनावी लेखकाने इंटरनेटवर कोड्यांसारखे संदेश टाकून अर्थ लावण्याचे काम वाचकांवर सोपवले. माझ्या मते खरी मेख येथेच आहे, कारण स्वतः शोधून काढलेला अर्थ माणूस सहजी सोडत नाही, आणि विरोधी पुरावा त्याला कटाचाच भाग वाटतो. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदेवर चालून गेलेल्या जमावात क्यूॲनॉन पंथाचे अनुयायीही होते.

आपल्याकडे धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले, तेव्हाही मुलांविषयीची भीतीच भडकवली गेली होती.